अजगर पाळताय? खाऊ घालताना, उचलताना आणि नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

पहिली चूक जनावर घरी यायच्या आधीच होते. "भाऊ, बर्मीज आहे, फॉरेनचा माल, काही टेन्शन नाही," असं सांगून पिल्लू विकलं जातं. पण बर्मीज अजगर आपल्या ईशान्य भारतात सापडतो, जाळीदार अजगर निकोबारात राहतो आणि भारतीय अजगर तर गोरेवाड्याच्या जंगलापासून रामटेक-मौद्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत कुठेही दिसतो. हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. घरात ठेवलेत तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. घरात ठेवता येतात ते खरोखरचे परदेशी, म्हणजे मुख्यतः आफ्रिकेतला बॉल पायथन, आणि त्याचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. "कागदं नंतर करून देतो" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

आता कागद नीट आहेत असं धरून पुढे बोलू. मोठ्या आफ्रिकन अजगराला आणि चार फुटी बॉल पायथनला लागू पडणाऱ्या गोष्टी बहुतेक सारख्याच आहेत. फरक एवढाच, की मोठ्याच्या बाबतीत चूक महागात पडते.

दर रविवारी उंदीर

सगळ्यात जास्त अजगर लाडाने बिघडतात. पाहुणे आले की "खाताना दाखव ना बे" होतं आणि दहा दिवसांपूर्वी जेवलेल्या जनावरापुढे पुन्हा उंदीर येतो. ते खातंही. समोर आलेलं सोडायचं नाही, हीच त्याची रीत, कारण जंगलात पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्याने खाल्लं म्हणजे त्याला भूक होती, असं समजू नका.

वाढत्या पिल्लाला आठवड्याला एकदा पुरतं. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांनी, आणि दहा फुटांपुढच्या अजगराला तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा. भक्ष्याची जाडी अजगराच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढीच असावी. एक जेवण पचवणं हे त्याच्या शरीराला केवढं काम असतं, ते बर्मीज अजगरावरच्या संशोधनातून कळतं. जेवल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या स्नायूचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यात आढळलं. हे ओझं दर चार दिवसांनी लादलं की यकृतावर चरबी चढते. वळताना कातडीला घड्या पडत असतील आणि खवले एकमेकांपासून सुटून मधली कातडी दिसत असेल, तर जनावर लठ्ठ आहे. उलट पाठीचा कणा घराच्या छपरासारखा वर आला असेल, तर उपाशी आहे.

दुसरी चूक चिकनच्या तुकड्यांची. अजगराला अख्खं भक्ष्य लागतं, हाडं, यकृत, आतडी, सगळं. नुसत्या मांसातून कॅल्शियम मिळत नाही. सावजीचं चिकन तुम्ही खा, त्याला उंदीरच द्या.

तोही जिवंत नको. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, आणि भूक नसलेल्या अजगराचे डोळे, पाठ कुरतडून ठेवतो. अशा जखमांनी अजगर मेल्याची उदाहरणं आहेत. शिवाय प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य करून करमणूक म्हणून दाखवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे रील काढणाऱ्यांनी जपून. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तो कुठे कच्चा तर कुठे शिजलेला निघतो, कधी फुटतोही, आणि त्यानंतर घरातले तुम्हाला अजगरासकट बाहेर काढतील.

जेवण टाकलं, की धीर सुटतो

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बॉल पायथन महिनोन् महिने खात नाही. धष्टपुष्ट असेल तर काही बिघडत नाही. इथे लोक जबरदस्तीने तोंड उघडून उंदीर कोंबतात आणि तोंडाला इजा करून ठेवतात. त्यापेक्षा वजनकाटा आणा. आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहा टक्क्यांच्या पुढे घटलं, तोंडातून फेस येत असेल किंवा श्वासाला घरघर असेल, तर पशुवैद्य गाठा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डोळे निळसर-धुरकट झाले असतील तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्याला राहू द्या.

उलटी मात्र हलक्यात घेऊ नका. बहुतेक वेळा कारण आपलंच असतं: जेवल्यावर लगेच उचललं, भक्ष्य मोठं होतं, किंवा अजगर ठेवायचा टब थंड होता. लहान अजगराला जेवणानंतर निदान दोन दिवस आणि मोठ्याला पोटाचा फुगवटा उतरेपर्यंत हात लावू नका. उलटी झालीच तर "बिचारा उपाशी राहिला" म्हणून लगेच दुसरा उंदीर देऊ नका. दोन आठवडे फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य.

थर्मोस्टॅट असला तरी मे महिना मे महिनाच

परदेशी पुस्तकं अजगराला ऊब कशी द्यायची ते सांगतात. नागपुरात आठ महिने प्रश्न उलटा असतो. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बॉल पायथनला टबच्या एका टोकाला ३१-३२ आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ अंश लागतात. तापमान राखणारा थर्मोस्टॅट हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी चटई, बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४० अंश झाले, तर मॅट बंद असूनही टबमध्ये ४० अंशच असणार, आणि तेवढ्यात अजगर मरतो. उन्हाळ्यात टब तळमजल्यावरच्या, आतल्या खोलीत हलवा. लाईट गेली तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टबच्या बाहेरून एका बाजूला लावा, म्हणजे त्याला गार किंवा गरम बाजू निवडता येईल.

कूलरची थेट हवा टबवर घेऊ नका. अंथरूण सतत ओलं राहिलं की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. एसीच्या कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, ते टबच्या आत लावा. ५५ ते ७० टक्के ठीक.

थंडीत उलटं. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे ३.५ अंश झाले होते. तेव्हा उघडा बल्ब किंवा थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावून पोट भाजलेले अजगर उपचाराला येतात. चटका बसतोय हे त्याला वेळेत कळत नाही.

उचलताना

पाळीव अजगर मालकाला चावतो तो बहुतेकदा रागाने नाही, जेवण समजून. उंदीर हाताळून त्याच हाताने टब उघडला, तर तुमचा हात उंदीरच. साबणाने हात धुवा, आणि दर वेळी उचलण्याआधी साप हाताळायच्या हुकने त्याच्या अंगाला हळूच स्पर्श करा. हुक लागला म्हणजे जेवण नाही, हे काही दिवसांत त्याच्या अंगवळणी पडतं. भक्ष्य कायम लांब चिमट्याने.

हात वरून खाली नेऊ नका, बाजूने न्या. दोन ठिकाणी आधार द्या. आठ फुटांपुढचा अजगर एकट्याने बाहेर काढायचा नाही, घरात दुसरा धट्टाकट्टा माणूस हवाच. गळ्यात घालून फोटो तर मुळीच नको. चावून धरलंच तर ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढलं की मांस फाटतं. त्याच्या तोंडावर गार पाणी सोडा. वेटोळं शेपटीकडून उलगडा, डोक्याकडून नाही. नंतर जखम साबणाने धुवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पाळलेल्या अजगराची सवय झालेली पोट्टे बाहेरच्या सापाला हात घालतात, ती चूक जिवावर बेतते. घोणस, जिला काही जण परड म्हणतात, अजगराचं पिल्लू म्हणून उचलली जाते. पाठीवर काळ्या कडांचे लंबगोल ठिपके साखळीसारखे ओळीने असतील तर ती घोणस. अजगराचे डाग वेडेवाकडे, मोठे असतात. पण हे जवळ जाऊन तपासायचं नाही. लांब उभे राहा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. चावली असेल तर तडक मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात.

आणि अजगर घरातच सुटला, तर आधी दारांखालच्या फटी टॉवेलने बंद करा. जानेवारीत फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, गाद्यांखाली शोधा. मे महिन्यात पहिल्यांदा कूलर बंद करून त्याची टाकी बघा, मग न्हाणीघर आणि माठाची तिवई. दिवसा सापडला नाही, तर रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरा.