गावचा तंटा मिटवायला बसताय? या चुका टाळा

१५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून मी आमच्या गावच्या समितीत बसतोय. मोहिमेचा जोर ओसरला, बांधाची भांडणं ओसरली नाहीत. आणि ती मिटवायला बसणारी नवी मंडळी दरवेळी त्याच चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोघम तडजोडनामा. दोन चुलतभावांचा वाटेचा वाद आम्ही तासाभरात मिटवला होता. कागदावर लिहिलं, ‘पूर्वीप्रमाणे वाट द्यावी.’ सह्या झाल्या, चहा झाला. मग ऊसतोड आली. एकाच्या मते पूर्वीची वाट म्हणजे बैलगाडीपुरती, दुसऱ्याला ट्रॅक्टर-ट्रॉली न्यायची. आपापल्या परीनं दोघंही खरंच बोलत होते. तोडलेला ऊस तीन दिवस फडात वाळला, वजन घटलं, आणि चौथ्या दिवशी कोयते निघाले. त्या भावकीत आजही एकमेकांच्या घरी लग्नपत्रिका जात नाही. दोष त्यांचा नव्हता, घाई करणाऱ्या आम्हा पंचांचा होता.

आता गट नंबर, वाट कुठल्या बांधानं, रुंदी किती फूट, कोणती वाहनं जाणार, एवढं लिहिल्याशिवाय मी सही घेत नाही. रुंदी शेतातच मोजतो, टेपचं एकेक टोक दोघांच्या हातात देऊन. मग कागद मोठ्यानं वाचतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी चूक, पहिल्याच दिवशी दोघांना चावडीवर समोरासमोर बसवणं. चारचौघांत कोणी माघार घेत नाही. मी आधी एकेकाच्या घरी जातो, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर. पुष्कळदा मूळ दुखणं बांधाचं नसतंच. आईच्या दवाखान्याचा खर्च एकट्यानं केलेला असतो. अशा माणसाला ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं सांगू नका. त्याचं पुरतं ऐका.

हद्दीचा वाद भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय मिटवू नका. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असताना फक्त भावांच्या सह्यांवर वाटणी करू नका.

मुदतीकडे मात्र कुणीच बघत नाही, याचा मला फार संताप येतो. वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. समिती ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणत राहते आणि तेवढ्यात मुदत संपते. मी वहीत आधी अडवल्याची तारीख लिहितो. चार महिने झाले की त्या माणसाला सांगतो, दावा लाव, बोलणी चालू राहतील.

बलात्कार, मुलांवरचे अत्याचार, ॲट्रॉसिटी यांत तडजोडीला बसूच नका. वाळीत टाकण्याची भाषाही नको; २०१६ च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

समितीपुढचा समझोता म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

सह्या झाल्या की पंच तिकडं फिरकत नाहीत. मी पुढच्या नांगरटीला टेप घेऊन त्या वाटेवर जातो. बांध कोरला जातो तो तेव्हाच.