फौजदारी खटल्याची नोंद कशी शोधायची

भाडेकरू ठेवताना, जमिनीचा व्यवहार करताना किंवा सोयरीक जुळवताना समोरच्यावर एखादा खटला आहे का, हे पाहावंसं वाटतं. नाव टाकलं की माणसाचा सगळा गुन्हेगारी इतिहास समोर येईल, अशी सार्वजनिक यादी आपल्याकडे नाही. गुन्हा पोलिसांकडे नोंदतात, खटला न्यायालयात चालतो आणि दोन्हीकडचे क्रमांक वेगळे असतात. म्हणून शोध नावावरून सुरू केला, तरी खात्री क्रमांकावरच करावी.

पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजेच एफआयआरचा क्रमांक) आणि वर्ष ठाऊक असेल तर काम सोपं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी ऑनलाइन सेवेच्या जिल्हा न्यायालयांसाठीच्या संकेतस्थळावर 'केस स्टेटस'मध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा, मग एफआयआर क्रमांकाने शोधा. गु.र.नं. दर वर्षी प्रत्येक ठाण्यात नव्याने सुरू होतो, त्यामुळे ठाणं किंवा वर्ष चुकलं की भलताच गुन्हा हाती येतो. दोषारोपपत्र (तपासानंतर पोलीस न्यायालयात देतात ते आरोपांचं पत्र) दाखल होईपर्यंत नियमित खटल्याचा क्रमांक पडत नाही. मात्र त्याआधीचा जामीन अर्ज स्वतंत्र क्रमांकाने सापडू शकतो.

नावावरून शोधताना किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष लागतं. खरी कसोटी इथेच आहे. 'चौधरी', 'देशमुख' यांची इंग्रजी स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. म्हणून आडनावाचा छोटा तुकडा टाका, प्रलंबित आणि निकाली दोन्ही निवडा आणि एकेक वर्ष तपासा. तालुक्याचं न्यायालय वेगळं संकुल असतं; जिल्ह्याच्या ठिकाणी काही मिळालं नाही म्हणजे खटलाच नाही, असं समजू नका. उच्च न्यायालयातली प्रकरणंही वेगळ्या पानावर पाहावी लागतात.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. वडिलांचं नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय कुणाला आरोपी म्हणू नका. अशा घाईत निरपराध माणसाची नोकरी जाते. खटला सापडला की सीएनआर, म्हणजे त्या खटल्याचा अक्षरं-आकडे मिळून १६ चिन्हांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा (महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांचा 'एमएच'ने सुरू होतो). पुढे तेवढ्यावरून रोजनामा (त्या-त्या तारखेच्या कामकाजाची नोंद), पुढची तारीख आणि निकाल मिळतो. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला; चेक न वटल्याचे खटले बहुधा एस.सी.सी.मध्ये, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटल्यांत, दिसतात. नुसता खटल्याचा क्रमांक पाहून कुणाला अट्टल गुन्हेगार ठरवू नका. शेवटी दोषी ठरवलं की निर्दोष सोडलं, हे निकालातच वाचा.

एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे. दुर्गम भागात ७२ तासांपर्यंत मुभा आहे. लैंगिक गुन्हे, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि दहशतवादाच्या एफआयआर यातून वगळल्या आहेत, तेव्हा तिथे न दिसणं हा काही पुरावा नव्हे. दोषारोपपत्र मात्र सर्वांसाठी खुलं नाही. ते खुलं करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

नातेवाइकाला अटक झाल्याचं कळलं तर संकेतस्थळ चाळत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावणं बंधनकारक आहे. थेट ठाणं गाठा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं.

संकेतस्थळावरची छापील प्रत माहितीपुरती. कागद कुठे दाखल करायचा असेल तर त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात खटल्याचा क्रमांक देऊन प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तुम्ही पक्षकार नसाल तर प्रत कशासाठी हवी, हे अर्जात स्पष्ट लिहा.