‘एन्टायटल’चं मराठी कसं करावं: ‘पात्र’ लिहिण्याआधी थांबा

शब्दकोशात पहिला दिसेल तो प्रतिशब्द उचला, बाकी संदर्भाने कळतं, असा सल्ला नवीन अनुवादकांना सर्रास दिला जातो. ‘एन्टायटल’ या इंग्रजी क्रियापदाच्या बाबतीत तो घातक आहे. हे क्रियापद माणसाला हक्क देतं, आणि मराठीत चुकीचा शब्द पडला की तोच हक्क कागदावरून पुसला जातो. २२ वर्षं मी कायदे, करारनामे आणि परिपत्रकं मराठीत आणते आहे. पुढचा क्रम त्याच कामातून ठरला आहे.

१. नाव की हक्क, ते आधी पाहा. पुस्तकाच्या किंवा अहवालाच्या नावाआधी ‘एन्टायटल्ड’ आलं, तर ‘या नावाचा’ एवढंच लिहा आणि पुढे चला. दोन्ही अर्थ एकाच मुळातले आहेत. लॅटिनमध्ये ‘टिट्युलस’ म्हणजे नावाची पाटी, मथळा. त्यातूनच मालकीचं ‘टायटल’ आलं. फ्लॅट घेताना आपण ‘टायटल क्लिअर आहे ना?’ असं विचारतो, ते हेच.

२. त्याच्यानंतर कोणता शब्द येतो, ते पाहा. ‘एन्टायटल्ड’ला ‘टू’ लागतं, ‘फॉर’ कधीच नाही. ‘फॉर’ लागतं ते ‘एलिजिबल’ला, म्हणजे पात्र असण्याला. ‘टू’नंतर नाम असेल तर ‘रजेचा हक्क’, क्रियापद असेल तर ‘रजा घेण्याचा हक्क’.

३. ‘पात्र’ की ‘हक्क’, ते ठरवा. सगळं काम इथे अडतं.

सुरुवातीच्या काळात एका कारखान्याच्या प्रसूती रजेच्या परिपत्रकाचं मराठी मी केलं होतं. ‘महिला कामगार १२ आठवड्यांच्या पगारी रजेस पात्र राहतील,’ असं मी लिहिलं. वाक्य वाचायला नीट होतं, तपासणाऱ्यांनीही हरकत घेतली नाही. काही महिन्यांनी तिथली एक कामगार बाई भेटली. म्हणाली, “ताई, ऑफिसात सांगतात, तू पात्र आहेस हे खरं, पण मंजुरी साहेबांच्या हातात. मग कायदा आम्हाला देतो तरी काय?”

घरी येऊन मी मूळ कायदा पुन्हा उघडला. तेव्हा लागू असलेल्या प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम ५ मध्ये एकाच वाक्यात दोन माणसं उभी होती: स्त्री लाभाला ‘एन्टायटल्ड’, आणि मालक त्यासाठी ‘लायेबल’. म्हणजे लाभ मिळण्याचा हक्क तिचा, तो देण्याची जबाबदारी मालकाची. माझ्या मराठी वाक्यातून मालक पार नाहीसा झाला होता. उरली होती अर्ज करून वाट पाहणारी बाई. त्या एका शब्दाचं मला आजही वाईट वाटतं.

पात्र म्हणजे अटींत बसणारा. शिष्यवृत्तीला १०० मुलं पात्र असतील आणि मिळेल १० जणांना. उरलेल्या ९० जणांना तक्रार करता येत नाही. हक्क म्हणजे मागता येणं, आणि दिलं नाही तर जाब विचारता येणं. त्याच कलम ५ मध्ये अटही होती: अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम. ते भरले की ती पात्र ठरते, आणि पात्र ठरली की हक्क सुरू होतो. या दोन पायऱ्या आहेत. त्या एकाच शब्दात कोंबू नका.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये हा फरक आणखी स्वच्छ दिसतो. त्यात कुटुंब ‘एलिजिबल’ आहे, आणि प्राधान्य कुटुंबातला प्रत्येक माणूस महिन्याला ५ किलो धान्याला ‘एन्टायटल्ड’ आहे. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. ते धान्य मिळालं नाही, तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा असं कलम ८ सांगतं. म्हणून रेशन दुकानाच्या फलकावर ‘पात्रता: ५ किलो’ असं रंगवायला मी कधीही संमती देणार नाही. ‘तुमचा हक्क: माणशी ५ किलो’ असंच लिहा.

संविधानाचा अनुच्छेद ३२६ घ्या. मतदार म्हणून नोंद होण्याला नागरिक ‘एन्टायटल्ड’ आहे. ६१व्या घटनादुरुस्तीने वयाची अट २१ वरून १८ वर आली. क्रियापद होतं तेच राहिलं. बदलली ती पात्रता, हक्काचं स्वरूप नाही.

अडलात तर वाक्याला एकच प्रश्न विचारा: दिलं नाही तर जाब कुणाला विचारायचा? उत्तर सापडलं तर ‘हक्क’ लिहा, आणि देणारा कोण हेही त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात येऊ द्या. ‘हक्कदार राहील’ व्याकरणाने बरोबर आहे, पण ‘तिला हक्क राहील’ हे कामगारालाही एका वाचनात कळतं. मी दुसरंच लिहिते.

४. ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ यांची वाटणी करा. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहेत, २००५ चा कायदा मात्र ‘माहितीचा अधिकार’ म्हणून रुळला, आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना आहे. रुळलेली नावं तशीच ठेवा. पण एकाच कागदात ‘ऑथराइज’ आणि ‘एम्पॉवर’ ही अधिकार देणारी क्रियापदंही असतील, तर नागरिकाला हक्क आणि अधिकाऱ्याला अधिकार असं ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत मोडू नका. तहसीलदाराला जप्तीचा अधिकार असतो, हक्क नव्हे.

५. कर्ता निर्जीव असेल तर वाक्य उलटवा. इंग्रजीत कार्ड धारकाला ‘एन्टायटल’ करतं. मराठीत ‘हे कार्ड धारकास सवलतीचा हक्क प्रदान करते’ असं लिहू नका. ‘या कार्डावर सवलत मिळण्याचा हक्क आहे’ पुरे.

६. नकार जपून लिहा. ‘नॉट एन्टायटल्ड’ म्हणजे मनाई नव्हे. भाडेकरार मराठीत आणताना हे हमखास चुकतं. ‘भाडेकरूला अनामत रकमेवर व्याज मागण्याचा हक्क राहणार नाही’ याचा अर्थ, त्याला ते मागता येत नाही. मालकाने आपणहून दिलं तर कराराची आडकाठी नाही. ‘व्याज देता येणार नाही’ असं लिहिलंत, तर करारात नसलेली बंदी तुम्ही मालकावर घातलीत. असे वाक्य दिसले की मी मूळ मजकुराशी शब्दन् शब्द ताडून पाहते, आणि मगच पुढचं पान उलटते.