विमानातला रेडिओ कसा वापरावा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर छोट्या विमानात बसून पहिल्यांदा टॉवरला (विमानतळावरच्या नियंत्रण कक्षाला) हाक मारायची वेळ येते, तेव्हा नवख्याचा हात सर्वांत आधी बोलण्याच्या बटणाकडे जातो. खरे तर ते बटण सर्वांत शेवटी दाबायचे असते.

इंजिन सुरू होताना स्टार्टर बॅटरीतून बराच प्रवाह ओढतो आणि व्होल्टेज खाली-वर होते, म्हणून रेडिओचा मुख्य स्विच इंजिन चालू झाल्यावरच लावावा. त्यानंतर स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना येणारी खरखर दाबून ठेवणारी सोय) क्षणभर उघडून खरखर ऐकावी आणि ती सुसह्य वाटेल इतका आवाज ठेवावा.

रेडिओच्या खिडकीत दोन आकडे दिसतात : एक चालू फ्रिक्वेन्सीचा, दुसरा स्टँडबायचा. मोठी गोल कळ फिरवली की मेगाहर्ट्झ बदलतात, आतल्या लहान कळीने दशांश बदलतात. मात्र हे सारे स्टँडबायच्या खान्यात घडते आणि अदलाबदलीचे बटण दाबल्यावरच नवा आकडा चालू होतो. विमानांचे संभाषण ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. आकडा पाठ असला, तरी तो ताज्या तक्त्याशी ताडून पाहावा.

यानंतर ऑडिओ पॅनेल, म्हणजे माइक आणि हेडसेट कोणत्या रेडिओला जोडायचे ते ठरवणारी बटणे, पाहावे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. फ्रिक्वेन्सी लावलेली असते पहिल्या रेडिओवर आणि माइक जोडलेला असतो दुसऱ्याला. मग टॉवर उत्तर देत नाही म्हणून वैमानिक तेच वाक्य अधिक मोठ्याने बोलतो. कोल्हापुरी खणखणीत आवाजाचा इथे उपयोग नाही. माइक ओठांना जवळजवळ टेकवून नेहमीच्या आवाजात बोलावे, ओरडल्यास शब्द फाटतात.

आता काही क्षण नुसते ऐकावे. हे रेडिओ एएम पद्धतीचे असल्याने दोघे एकाच वेळी बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. एफएममध्ये दुबळा आवाज गुपचूप दबून जातो. येथे निदान गडबड झाल्याचे सर्वांना कळते, आणि हा मला या जुन्या पद्धतीचा मोठा गुण वाटतो.

मार्ग मोकळा झाला की बटण दाबावे, अर्धा क्षण थांबावे आणि कोणाला, कोण, कुठून, काय हवे या क्रमाने सांगावे : "कोल्हापूर टॉवर, व्हिक्टर टँगो किलो ऑस्कर पापा, ॲट एप्रन, रिक्वेस्ट टॅक्सी." यातली व्हिक्टर ते पापा ही विमानाच्या नोंदणीची अक्षरे (VT-KOP), एप्रन म्हणजे विमाने उभी करण्याची जागा आणि टॅक्सी म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणे. उत्तरातील धावपट्टीचा क्रमांक, थांबण्याची सूचना आणि हवेच्या दाबाचा आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा, नुसते "रॉजर" (ऐकले) पुरत नाही. बोलून झाल्यावर बटण सुटले आहे ना, हेही पाहावे, कारण अडकलेले बटण सगळ्यांचीच फ्रिक्वेन्सी बंद पाडते.

हवेत असताना रेडिओ पूर्ण गप्प झाला, तर प्रथम आवाजाची कळ, हेडसेटची जोडणी आणि दुसरा रेडिओ तपासावा. तरीही काही ऐकू येत नसेल, तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाचा सांकेतिक आकडा पाठवणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत लावून टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे : स्थिर हिरवा दिसला तर उतरावे, स्थिर लाल दिसला तर दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहावे.