पिकअपच्या पुढच्या ब्रेक डिस्क घरी बदलताना

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, त्यामुळे काम पुढच्या दोन चाकांचेच. पण आधी चाकाच्या आत डोकावून डिस्क कशी बसवली आहे ते बघा. हबवर (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर) बाहेरून नुसती सरकवलेली असेल तर घरी खुशाल हात घाला. हबच्या मागे बोल्टने आवळलेली असेल तर हब उतरवून बेअरिंग पुन्हा सेट करावे लागते. ते गॅरेजवाल्याकडेच द्या. इथून पुढचे सगळे पहिल्या प्रकाराबद्दल.

डिस्कची किमान जाडी तिच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किंवा कडेवर कोरलेली असते. जाडी मायक्रोमीटरने मोजा. साधा व्हर्निअर काठाच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. डिस्क जोडीनेच बदलायच्या, पॅडही (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे तुकडे) नवेच घ्यायचे.

सपाट, कडक जमिनीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मग जॅक, आणि लगेच चासीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे जोडताना अडलेच तर दुसरी बाजू बघता येते.

स्टेअरिंग फिरवून कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट समोर आणा. कॅलिपर सुटला की तारेने स्प्रिंगला बांधा; ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू दिला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मग कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट. हे हट्टी असतात, लांब दांड्याचा गोटी पाना लागतो. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर जवळूनच जाते, ती ताणू नका.

जुनी डिस्क गंजाने चिकटलेली असते, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हमखास. बऱ्याच डिस्कना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बहुधा 8 मिमीचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. भोके नसतील तर गंज सोडवायचे तेल मारून थांबा आणि नटांच्या स्टडमधल्या जागेत हातोडा मारा, स्टडवर नाही.

आता खरे काम. हबची बसक, म्हणजे डिस्क जिथे टेकते ती बाजू, वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिच्या काठाशी राहिलेल्या 0.05 मिमीच्या गंजाच्या पापुद्र्याने डिस्कची बाहेरची कड जवळपास दुप्पट डोलते. सुरुवातीला काही जाणवत नाही. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झिजते, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरते, आणि लोक म्हणतात ‘डिस्क वाकली’. मग लेथवर घासून आणतात आणि त्याच गंजलेल्या हबवर पुन्हा बसवतात!

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते. ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा, नाहीतर नवे पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. नवे पॅड बसण्यासाठी कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पातळी बघा. काठोकाठ असेल तर थोडे काढा, कारण पिस्टन मागे गेले की ते वर येते आणि सांडले तर रंग उडवते. कॅलिपर सरकता असेल तर त्याच्या पिनांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन अडकतात. बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा. नट समोरासमोरच्या क्रमाने.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक थेट फरशीला टेकेल. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये पूर्ण थांबू नका. नंतर ब्रेक न लावता थोडे चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो.