सीपॅप मशीन बदललंय? आधी दिवसा लावून बघा

नवं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) थेट रात्री लावू नका. दुपारी वाचत बसताना २० मिनिटं मास्क चढवा. वेगळा आवाज, वेगळा झोत अंगवळणी पडतो. मास्क जुनाच, तरी श्वास सोडताना जोर लावावा लागतोय? मग श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय बंद राहिली असेल, ते आधी बघा. ती कितीवर होती, रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याचा वेळ) किती मिनिटांचा, ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) किती, याचे फोटो जुनं मशीन परत देण्याआधीच काढून ठेवा. (मी काढले नव्हते, आठवडाभर चाचपडत होतो.) प्रेशरचा आकडा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायचा नाही. नळीत पाणी गुडगुडलं, तर मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा आणि ह्युमिडिटी एका अंकाने उतरवा.