बेसबॉल गेममध्ये फलंदाजी फसते आहे? खेळाडूंचे रेटिंग वाचताना या चुका टाळा

आषाढ लागला की रत्नागिरीच्या आसपासची मैदाने चिखलात जातात, टेनिस बॉलचे सामने थांबतात आणि मुले घरात कन्सोलसमोर बसतात. माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळायला घेतला, तेव्हा संघातील सर्वांत जास्त ओव्हरऑल (म्हणजे एकूण रेटिंग) असलेला खेळाडूही वारंवार बाद का होतो, हे त्याला कळेना. त्याच्यासोबत बसून शोध घेतला, तेव्हा ज्या चुका सापडल्या त्या बहुतेक नवख्यांकडून होतात.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओव्हरऑलच्या आकड्यावर विसंबणे. या आकड्यात क्षेत्ररक्षण, थ्रोची ताकद आणि वेगही मिसळलेला असतो. त्यामुळे कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) किंवा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) उत्तम असेल, तर तो एकूण आकड्यात वर दिसतो, पण बॅट हाती घेतल्यावर सामान्य ठरू शकतो. फलंदाजीसाठी काँटॅक्ट (चेंडू बॅटवर नीट घेणे), पॉवर (फटक्याचा जोर) आणि व्हिजन (चेंडू ओळखण्याची नजर) हे गुण वेगळे काढून पाहावेत. त्यातही काँटॅक्ट आणि पॉवर यांचे प्रत्येकी दोन आकडे दिलेले असतात, एक उजव्या हाताच्या पिचरसमोरचा (म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोरचा) आणि दुसरा डावखुऱ्यासमोरचा. या दोन आकड्यांत कधी कधी इतके अंतर असते की समोरचा पिचर बदलताच तोच खेळाडू निराळा वाटू लागतो. म्हणून फलंदाजीचा क्रम लावण्याआधी प्रतिस्पर्धी पिचरचा हात पाहणे आवश्यक आहे.

दुसरी चूक पॉवरच्या मोहाची आहे. पॉवर जास्त असेल तर नीट बसलेला चेंडू दूर जातो, पण तो नीट बसेल याची हमी पॉवर देत नाही. खऱ्या मैदानातला २०२२ चा हंगाम याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी ॲरन जजने ६२ होम रन मारले आणि तो १७५ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला. त्याच लीगमध्ये लुईस अरायझने अवघे ८ होम रन मारले, पण तो केवळ ४३ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि लीगमधील सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा किताब त्याने पटकावला. गेममधील आकडेही अशाच स्वभावभेदावर बेतलेले असतात. चेंडूवर नेम धरण्यासाठी पडद्यावर जे वर्तुळासारखे चिन्ह दिसते, ज्याला पीसीआय म्हणतात, त्याचा आकार काँटॅक्ट आणि व्हिजन यांच्याशी जोडलेला असतो; पॉवर स्विंगचे, म्हणजे जोरदार फटक्याचे, बटण दाबले की तो आणखी आक्रसतो आणि काँटॅक्ट स्विंगने तो मोठा होतो, मात्र फटक्याचा जोर कमी होतो. भाचा प्रत्येक चेंडूला पॉवर स्विंग लावत होता, म्हणजे कमी काँटॅक्टच्या फलंदाजाचे आधीच लहान असलेले चिन्ह तो स्वतःच आणखी लहान करत होता.

क्लच या गुणाकडे फारसे कोणी पाहत नाही; दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर धावपटू असताना तो उपयोगी पडतो, म्हणून मधल्या फळीसाठी तो जरूर तपासावा.

रेटिंगवर किती भिस्त ठेवायची, हे फलंदाजीसाठी गेममध्ये आपण निवडलेल्या नियंत्रण पद्धतीवरही ठरते. डायरेक्शनल पद्धतीत, जिथे आपण फक्त फटक्याची दिशा सुचवतो, खेळाडूच्या गुणांचा वाटा मोठा असतो. झोन पद्धतीत पीसीआय आपल्यालाच हलवावा लागतो, त्यामुळे चांगल्या फलंदाजाच्या हातूनही आपली चूक झाकली जात नाही. शिवाय कठीणपणाची पातळी वाढवली की चिन्ह लहान होते. तेव्हा पातळी बदलल्यावर खेळाडूच बिघडला असे समजून त्याला संघातून काढू नये.

आमच्याकडे मात्र खरा दोष शेवटी भलतीकडेच निघाला. प्रत्येक स्विंगनंतर पडद्यावर टायमिंगची नोंद येते आणि त्यात वेगवेगळ्या फलंदाजांसाठी सतत ‘लेट’ दिसत होते. सगळेच फलंदाज सारखेच उशीर करत असतील, तर कारण रेटिंगमध्ये नसते. टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) बंद होता आणि चित्र क्षणभर मागे पडत होते. खऱ्या खेळात ताशी १५० किलोमीटरचा चेंडू पिचरपासून प्लेटपर्यंत (फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंत) अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात येतो, तेव्हा तेवढी ढिलाईही पुरेशी ठरते. मोड चालू केल्यावर ‘लेट’ची रांग थांबली. मग उरलेली सवय उघडी पडली: टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गुडघ्याखालचा चेंडूही उचलून मारणारा हा मुलगा इथेही स्ट्राइक झोनबाहेरच्या (फलंदाजाने न खेळले तरी स्ट्राइक न ठरणाऱ्या) खालच्या चेंडूंवर बॅट फिरवत होता. प्लेट डिसिप्लिनचा (वाईट चेंडू सोडण्याच्या संयमाचा) आकडा कितीही मोठा असला, तरी त्याच्या बोटाखालचे बटण तो थांबवू शकत नव्हता. आता तो सराव मोडमध्ये आधी २० चेंडू नुसते सोडून पाहतो आणि मगच बॅट फिरवतो.